जुन्या ऑफ-रोड बाइकचं रीपासिंग: नापास करतं ते माळ्यावरचं पोतं

माझी यामाहा आरएक्स 135 आरटीओत नापास झाली तेव्हा ती पहिल्या किकला चालू होत होती. ब्रेक नवे, टायर नवे, चेन-स्पॉकेट नुकतंच बदललेलं. निरीक्षक साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "साडीगार्ड कुठंय?"

मी म्हटलं, "साहेब, ही मातीतली गाडी आहे. मागं कुणी बसतच नाही."

"आरसीवर सीट किती?"

"दोन."

विषय संपला. साडीगार्ड घरी माळ्यावर पोत्यात होतं. त्याच पोत्यात आरसे, मूळ मागचा मडगार्ड, दोन इंडिकेटर आणि मागच्या सीटची पकडपट्टी. गाडीला स्क्रॅम्बलर, म्हणजे कच्च्या रस्त्याची गाडी, करताना एकेक वस्तू काढली, "नंतर लावू" म्हणून पोत्यात टाकली आणि विसरलो. त्यानंतर गेल्या काही वर्षांत मित्रांच्या, ओळखीच्यांच्या बऱ्याच गाड्या पासिंगला घेऊन गेलो. जुनी ऑफ-रोड गाडी इंजिनापायी अडकलेली मी क्वचितच पाहिली. ती अडकते काढून ठेवलेल्या वस्तूंपायी, आणि त्याखालोखाल मातीपायी.

हा लेख सोलापुरात पहिल्यांदाच जुनी गाडी रीपासिंगला, म्हणजे आरटीओत तपासून नोंदणीची मुदत वाढवून घ्यायला, नेणाऱ्यांसाठी आहे. हिरोची इम्पल्स 2011 च्या अखेरीस रस्त्यावर आली. पहिल्या लॉटच्या गाड्यांची पंधरा वर्षं आता भरत आली आहेत, त्यामुळे "मालक, काय काय लागतंय?" असं विचारणारे फोन वाढलेत.

आधी एक भीती काढून टाका

"पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात" हे आपल्याकडे खरं नाही. पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागात घातली गेली, तिथल्या बातम्या वाचून इथं लोक घाबरतात. सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचं नूतनीकरण 1 एप्रिल 2023 पासून बंद झालं, पण तुमची गाडी सरकारी नाही. खाजगी दुचाकीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते. ती संपली की गाडी तपासून पुढची 5 वर्षं मिळतात, मग पुन्हा 5. गाडी धड असेल तर हे चालूच राहतं. माझी आरएक्स 2003 ची. 2018 ला एकदा झाली, 2023 ला दुसऱ्यांदा. वर सांगितलेला साडीगार्डचा प्रकार त्या दुसऱ्या वेळचा.

नव्या गाड्यांचे नियम जुन्या गाडीला लावून घाबरू नका. तुमच्या इम्पल्सला एबीएस नाही, हेडलाइट आपोआप पेटत नाही, म्हणून कुणी नापास करत नाही. गाडी बनली तेव्हा जे सक्तीचं होतं तेच बघतात.

आणि ज्या डर्ट बाइकला मुळात आरसीच नाही, म्हणजे फक्त ट्रॅकसाठी विकलेली, दिवे-इंडिकेटर नसलेली गाडी, तिच्यासाठी हा लेख नाही. ती रस्त्यावर आणताच येत नाही. दिवे लावून "जमवून घेऊ" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

कागद: कंटाळवाणे, पण आधी हेच

मुदत संपण्याच्या 60 दिवस आधीपासून अर्ज करता येतो. अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर, फॉर्म 25. तिथं सगळ्यात आधी अडवतो तो मोबाइल नंबर. आरसीला जोडलेला नंबर जुन्या मालकाचा किंवा बंद पडलेला असेल तर ओटीपी येणार नाही. तो आधी बदला.

मग कर्जाचा बोजा. दहा वर्षांपूर्वी हप्ते फिटले, पण आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव तसंच, असं पुष्कळदा आढळतं. कंपनीकडून एनओसी घेऊन ते नाव उतरवल्याशिवाय पुढं जाऊ नका. ई-चलन थकलेलं असेल तर भरून टाका.

नंबर प्लेट एचएसआरपीच, म्हणजे सरकारमान्य हाय सिक्युरिटी प्लेटच हवी. 1 एप्रिल 2019 आधीच्या गाड्यांना ती आता लावून घ्यावी लागते. दुचाकीला 450 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 531. ऑफ-रोडवाल्यांनी इथं एक काळजी घ्यावी. मागची प्लेट लांब प्लॅस्टिकच्या शेपटीवर लोंबकळत असते आणि खडबडीत रस्त्यावर थरथरून मधोमध तुटते. प्लेट बसवण्याआधी तिच्यामागं लोखंडी पट्टी ठोकून घ्या. तुटलेली एचएसआरपी दोऱ्यानं बांधून चालत नाही, नवी मागवावी लागते.

पैशांचं गणित साधारण असं. नूतनीकरणाची फी दुचाकीला 1000 रुपये, आणि गाडी 20 वर्षांपुढं गेली असेल तर ऑगस्ट 2025 पासून 2000. महाराष्ट्रात पंधरा वर्षांपुढच्या खाजगी दुचाकीला 5 वर्षांसाठी 2000 रुपये पर्यावरण कर. त्यावर कार्ड वगैरेची किरकोळ रक्कम. नेमकी बेरीज पोर्टल दाखवतंच. उशीर झाला तर दर महिन्याला, किंवा महिन्याच्या तुकड्याला, 300 रुपये जादा. गाडी चौदा महिने शेडमध्ये पडून राहिली तर 4200 रुपये नुसते दंडाचे. याखेरीज मुदत संपलेली गाडी रस्त्यावर पकडली तर ती विनानोंदणी समजतात, पहिल्या वेळेला 2000 ते 5000 रुपये. म्हणून मुदत संपलेली गाडी आरटीओपर्यंत चालवत नेऊ नका, छोटा हत्ती सांगा.

विमा चालू हवा, निदान थर्ड पार्टी. पीयूसीचं खाली सांगतो.

धुणं

हसू नका, ही खरी पायरी आहे. बार्शी-मोहोळकडच्या काळ्या रानातून पावसाळ्यात एकदा गाडी घातली की ती माती चासीच्या कोपऱ्यात, चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) खाली, ब्रेक पेडलच्या पिनेत शिरते आणि वाळली की सिमेंट होते. रात्री ओल्या गोणपाटानं झाकून ठेवा, सकाळी लाकडी काडीनं खरवडा. प्रेशरचं पाणी चाकाच्या बेरिंगवर आणि हँडलच्या मुळाशी मारू नका. ग्रीस निघून जातं आणि महिन्याभरात बेरिंग ओरडायला लागतं.

धुऊन झालं की चासी नंबर शोधा. बहुतेक गाड्यांवर तो हँडलखाली, चासीच्या गळ्यावर ठोकलेला असतो. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल नेमक्या तिथंच घासतात, त्यामुळे रंग उडतो, गंज चढतो. त्यात गाडीला कुणी हौसेनं पावडर कोटिंग केलेलं असेल तर नंबर बुजून गेलेला असतो.

यासाठी घाई करू नका. केबल बाजूला बांधा. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी दहा मिनिटं नंबरवर दाबून धरा. मग जुन्या टूथब्रशनं हलक्या हातानं घासा. नंबरवर पातळ कागद धरून चिकटपट्टीनं पक्का करा आणि पेन्सिल आडवी धरून फिरवा, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसं. सगळी अक्षरं उठली पाहिजेत. एखादं उठलं नाही म्हणून ग्राइंडर किंवा खरखरीत पॉलिश पेपर लावलात तर गेलात. घासलेला नंबर म्हणजे चोरीची शंका, आणि मग गोष्ट निरीक्षकाच्या हातात राहत नाही. असे दोन-तीन छाप आधीच काढून ठेवा, अर्जाला लागतात.

इंजिन नंबरही आरसीशी ताडून बघा. आरएक्सवाल्यांनी तर नक्कीच. आरएक्स 100 च्या चासीत 135 चं इंजिन बसवलेल्या गाड्या सोलापुरात कमी नाहीत, आणि विकणारा ते सांगत नाही.

पोतं खाली काढा

आता खरा भाग. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीनं दिलेली आणि आरसीवर लिहिलेली गाडी तुम्ही मनानं बदलायची नाही. ऑफ-रोडसाठी आपण जे जे करतो त्यातलं निम्मं यात अडकतं. काय काय परत लावायचं ते बघू.

साडीगार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम आहे: मागच्या माणसाला धरायला पक्की पकड, पाय ठेवायला फुटरेस्ट, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण, कपडा अडकू नये म्हणून. या तिन्ही गोष्टी आपण "वजन कमी" म्हणून काढतो. मी साडीगार्डला पूर्वी हसायचो. नियम वाचल्यावर हसायचं सोडलं, कारण तुळजापूरला ओढणी चाकात गेलेली बाई मी डोळ्यांनी पाहिली आहे. मूळ साडीगार्ड हरवलं असेल तर दुसऱ्या गाडीचं जुळवून घ्या, पण वेल्डिंग करून नको, नट-बोल्टवर बसवा. पट्टी चेनला किंवा चाकाला घासत नाही ना, मागं माणूस बसवून बघा. लांब शॉकअपच्या गाडीत रिकामी असताना आणि ओझं असताना मागचं चाक बरंच वरखाली होतं.

आरसे दोन्ही, आणि त्यांत मागचं दिसलं पाहिजे. हँडल रुंद केलेल्या गाडीत आरसे दिसतात, पण त्यात आपलाच खांदा दिसतो. मूळ हँडल जपून ठेवलं असेल तर तेच चढवा.

मडगार्ड पुढचे-मागचे दोन्ही. हेडलाइटला डीपर-अप्पर चालला पाहिजे. पुढं लावलेली पांढऱ्या एलईडीची पट्टी काढा. "स्विच बंद ठेवतो साहेब" हे ऐकून घेत नाहीत. मागं लाल रिफ्लेक्टर लागतो, आणि तो विसरलेली गाडी मला दर खेपेला एखादी तरी दिसते. पन्नास रुपयांच्या आतली वस्तू.

सायलेन्सरमधली जाळी काढली असेल तर परत बसवा. आरएक्सला फुगीर रेसिंग पाइप लावला असेल तर त्याचं काय होणार ते मी वेगळं सांगायला नको, गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

मातीनं काय काय खाल्लंय

ब्रेक. मागचा ड्रम उघडा. आत चहाच्या कपभर माती निघाली तर आश्चर्य नको. लायनर वरून जाड दिसतात, पण मातीनं घासून चकचकीत काचेसारखे झालेले असतात आणि धरत नाहीत. पॉलिश पेपरनं खरखरीत करून बघा, नाहीतर बदला. पेडल दाबल्यावर ड्रमवरचा बाण खुणेच्या पलीकडे जात असेल तर बदलायचेच. इम्पल्सला पुढं डिस्क आहे; तिच्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात आणि पॅड एकाच बाजूनं झिजतो. लिव्हर सोडल्यावर चाक हातानं मोकळं फिरतंय का बघा. ब्रेक लाइट दोन्ही ब्रेकना लागली पाहिजे. मागच्या पेडलचं स्विच खाली असतं, चिखलात, त्यामुळे सगळ्यात आधी तेच मरतं.

टायर. दुचाकीच्या टायरची नक्षी निदान 0.8 मिलिमीटर खोल हवी, असा नियम आहे. गाठींच्या टायरची गोष्ट थोडी वेगळी असते. मधल्या गाठी डांबरी रस्त्यावर झिजून सपाट होतात आणि कडेच्या तशाच उभ्या राहतात. बाजूनं बघितलं की टायर नवा वाटतो, वरून बघितला की टक्कल. निरीक्षक वरून बघतात. इम्पल्सचं पुढचं चाक 19 इंची आहे, माप 90/90-19, म्हणजे क्लासिक बुलेटच्या पुढच्या टायरचंच. त्यामुळे "इम्पल्सचा टायर मिळत नाही" असं कुणी म्हणालं तर बुलेटच्या मापानं मागा.

स्पोक तपासायला कानच लागतो. चाक उचलून फिरवा आणि प्रत्येक तारेवर स्क्रू ड्रायव्हरनं हलकं टिचकावा. ताणलेली तार टण्ण वाजते, सैल झालेली ठप्प. दोन-तीन ठप्प एका जागी आल्या तर रिम तिथं बसलेली आहे, आऊट काढून, म्हणजे रिम सरळ करून घ्या.

कोनसेट, म्हणजे हँडलच्या मुळाशी असलेलं बेरिंग. पुढचं चाक जमिनीपासून उचला, हँडल एका बोटानं सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध खटकन अडकलं तर गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत. असं हँडल सरळ रस्त्यावर गाडी डोलवतं. मग मागं जा, चिमटा दोन्ही हातांनी धरून आडवा हलवा. कट-कट वाजलं तर त्याच्या सांध्यातले बुश गेले. फोर्कच्या दांडीवर तेलाची रेघ असेल तर ऑइल सील फाटलंय. वाळलेला चिखल दांडीवर राहिला की तोच सील कापतो. तेल पुसून आणल्यानं काही होत नाही. दोन दाब दिले की परत येतं, आणि ते दाब निरीक्षकही देतात.

हॉर्न. चिखल शिरल्यावर त्याचा आवाज बकरीसारखा होतो. उघडून धुवा किंवा नवा घ्या.

पीयूसी

आकडे पाठ असू द्या. 31 मार्च 2000 नंतर बनलेल्या जुन्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड 3.5 टक्क्यांपर्यंत चालतो. हायड्रोकार्बन टू-स्ट्रोकला 6000 पीपीएम, फोर-स्ट्रोकला 4500. त्याआधीच्या गाडीला 4.5 टक्के आणि 9000. बीएस-3 या जुन्या प्रदूषण मानकापर्यंतच्या गाडीला पीयूसी सहा महिन्यांचीच मिळते.

माझी आरएक्स पहिल्यांदा इथंही अडकली होती. मी कार्बोरेटर खोलणार होतो, पण आमच्या मिस्त्रींनी थांबवलं. "आधी फिल्टर बघ की बे." फिल्टरचा स्पंज काढला तर धुळीनं दगड झालेला. हवा कमी, पेट्रोल तेवढंच, म्हणजे मिश्रण घट्ट आणि धूर जास्त. स्पंज धुतला, तेलाचा हात दिला, आणि काटा खाली आला. उन्हाळ्यात माळरानावर एका दिवसात फिल्टर जितका भरतो तितका शहरात महिन्यात भरत नाही. टू-स्ट्रोक असेल तर सायलेन्सरची जाळी भाजून काजळी काढा आणि टू-टी ऑइल "थोडं जास्त बरं" म्हणून ओतू नका. पीयूसीला जाताना गाडी चांगली पाच-सात किलोमीटर चालवून गरम करून न्या. थंड इंजिनाचा आकडा नेहमी वाईट येतो.

तपासणीच्या दिवशी

विजापूर रोडच्या आरटीओत सकाळी लवकर जा. उन्हाळ्यात अकरानंतर त्या उन्हात रांगेत उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे. हेल्मेट घालून जा. आरसी, विमा, पीयूसी, पैसे भरल्याची पावती, चासीचा छाप, आधार, पॅन, सगळं मूळ आणि झेरॉक्स. डिकीत 10-12 चा पाना, स्क्रू ड्रायव्हर, एक जास्तीचा ब्रेकचा बल्ब, एक फ्यूज, चिकटपट्टी. बल्ब घरी पेटत होता आणि वाटेत सैफुलच्या स्पीडब्रेकरवर गेला, हे माझ्यासमोर घडलं आहे.

एजंटाबद्दल माझं मत: अर्ज भरता येत नसेल तर मदत घ्या, पण गाडीला आरसे तो लावत नाही. आणि गाडी निरीक्षकासमोर स्वतः उभी करा. ते विचारतील ते सरळ सांगा. "हे कंपनीचंच आहे" असं खोटं बोललात की मग ते बारकाईनं बघायला लागतात.

नापास झाली तर

त्रुटी काय काय आहेत ते नीट लिहून घ्या, तोंडी ऐकून निघू नका. माणूस वैतागात असतो, दोन ऐकतो आणि तिसरी विसरतो, मग तिसऱ्या खेपेला परत. दुरुस्त करून गाडी पुन्हा दाखवता येते.

दिवा, हॉर्न, आरसा, रिफ्लेक्टर हे त्याच दिवशी होण्यासारखं असतं. ब्रेक, कोनसेट, बुश याला गॅरेजचे एक-दोन दिवस धरा. मडगार्ड कापलेला, चासीचा मागचा भाग करवतीनं उडवून छोटी सीट बसवलेली, अशी गाडी असेल तर मात्र खर्च बसतो, कारण कापलेली चासी जोडून आणली तरी ती मान्य होईलच असं नाही. गाडीच्या मागच्या भागाला करवत लावायच्या आधी हा लेख वाचला असता तर, असं एका पोरानं मला तोंडावर सांगितलंय. तेव्हा हा लेख लिहिलेला नव्हता.

सीमेपलीकडची गाडी

आपल्याकडे केए-28 आणि केए-32 च्या जुन्या गाड्या स्वस्तात येतात. विजयपूर, कलबुर्गी जवळच, आणि किंमत ऐकून मोह होतो. अशी गाडी घेताना तिकडच्या आरटीओची एनओसी, फॉर्म 28, आधी हातात घ्या, पैसे नंतर द्या. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथं ठेवणार असाल तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो, इथला कर भरावा लागतो, आणि त्या वेळी गाडी तपासतातच. चासीचा छाप तिथंच, विकणाऱ्याच्या दारात उभं राहून काढा. तो "कशाला एवढं" म्हणाला तर चहा पिऊन परत या.

पास झाल्यावर

मंजुरी झाली की नवी तारीख एमपरिवहन किंवा डिजिलॉकरवर दिसते. कार्ड पोस्टानं घरी येतं. पत्ता जुना असेल तर ते जुन्या घरी जातं, म्हणून अर्जाच्या वेळीच बघा. नव्या आरसीवरची तारीख, चासी नंबर आणि नावाचं स्पेलिंग त्याच दिवशी तपासा.

मी आरएक्सच्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून पांढऱ्या रंगानं लिहून ठेवलंय: पासिंग 2028, आणि त्याखाली पीयूसीची तारीख, ती दर सहा महिन्यांनी खोडून नवी. साडीगार्ड गाडीलाच आहे. पोत्यात आता फक्त रेसिंग पाइप आहे.